कच्चं काम भिंतीवर लावा

(वस्तीच्या अभ्यासिकेत एका तरुण मित्राच्या कॉमिकची कच्ची पानं मांडली, त्या वेळचं भाषण)

मला भाषण येत नाही. गोदीत सवय लागते ती ओरडून बोलायची, कारण क्रेनचा आवाज आपल्यापेक्षा मोठा. तेव्हा माझा आवाज चढला तर रागावलाय असं समजू नका. रागावलो तर तसं सांगेन.

ही समोर दोरीवर एकवीस पानं लावलीत. कपड्यांचे चिमटे लावून. आपल्यातल्याच पोराची आहेत. तो आपल्या आजीची गोष्ट काढतोय, कॉमिकसारखी, चित्रांच्या चौकटीत. अजून निम्मीही झालेली नाही. कुठं नुसत्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, कुठं एका हाताला सात बोटं आहेत, कुठं बोलण्याचा फुगा आहे आणि फुग्यात शब्दच नाहीत. गेल्या रविवारी बैठकीत यावरून भांडण झालं. काही जण म्हणाले, अर्धवट काम लोकांपुढं मांडायचं नसतं. आधीच ते आपल्याला कच्चे म्हणतात, त्यांच्या हातात आणखी कोलीत कशाला द्यायचं? पोरगा पण म्हणाला, फेअर झाल्यावर लावू. मी म्हणालो, नाय, आत्ताच लावायचं. मग सगळे म्हणाले, तर तूच बोल. म्हणून उभा राहिलोय.

मी तुम्हाला न्यूयॉर्कच्या एका कॉमिकवाल्याचं सांगणार आहे. नाव आर्ट स्पीगलमन. जन्म १९४८ चा. आईबाप पोलंडचे ज्यू. दोघंही ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत बाहेर आलेले. हिटलरनं साठ लाख ज्यू मारले, त्यातून उरलेले हे दोन जीव. त्यांचा हा पोरगा चित्रकार झाला, आणि बापाची सगळी कहाणी त्यानं कॉमिकमध्ये काढली. पुस्तकाचं नाव ‘माउस’. जर्मन भाषेत माउस म्हणजे उंदीर. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरं, पोलंडचे लोक डुकरं, अमेरिकन कुत्रे.

त्यांचं दुःख आणि आपलं दुःख तराजूत घालायला मी आलेलो नाही. तो धंदा प्राध्यापकांनी करावा. मी आलोय त्या माणसानं काम कसं केलं आणि केलेलं कसं दाखवलं ते सांगायला.

माझं शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी तोडकंमोडकं. आर्ट स्कूलमध्ये शिकणाऱ्या एका दोस्तानं हे पुस्तक आणून दिलं. म्हटलं, हे आपल्याला झेपणार नाय. पण झेपलं. का माहीत आहे? कारण पुस्तकातल्या बापाचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं आहे. म्हातारा वाक्य उलटं लावतो, शब्द मागंपुढं टाकतो. पोराला ते सुधारता आलं असतं. त्यानं सुधारलं नाही. बाप जसा बोलला तसा फुग्यात उतरवला. इथं आपल्या आईबापाची बोली छापायला दिली की संपादक लाल पेन काढतो. न्यूयॉर्कच्या त्या पोरानं तो लाल पेन स्वतःच्या हातात असून बाजूला ठेवला.

आता काम कसं झालं ते ऐका. १९७२ साली त्यानं या विषयावर फक्त तीन पानं काढली. एका फुटकळ कॉमिक अंकात ती आली. त्यातले उंदीर मोठ्या डोळ्यांचे, छायाप्रकाश घालून रंगवलेले. त्याच साली बापासमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याला बोलतं केलं. १९७८ पासून मोठं काम हाती घेतलं, ते १९९१ ला संपलं. तेरा वर्षं! मधे १९८२ साली बाप मेला. बाप मेल्यावरही टेप ऐकत काढतच राहिला. आणि जसजसं काम पुढं गेलं तसतसा उंदराचा चेहरा साधा होत गेला. दोन ठिपके डोळ्यांचे, नाकाचं टोक, बस्स. त्यात आपल्याला रडणारा माणूस दिसतो.

हे तेरा वर्षं तो दार लावून बसला होता काय? नाही. तो आणि त्याची बायको फ्रान्स्वाज मूली, दोघांनी मिळून १९८० साली ‘रॉ’ नावाचं नियतकालिक काढलं. रॉ म्हणजेच कच्चं! नावातच सांगून टाकलं. दुसऱ्या अंकापासून ‘माउस’चं एकेक प्रकरण छोट्या पुस्तिकेसारखं अंकाच्या पोटात घालून द्यायला लागले. पुढं काय होणार ते काढणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नाही, तरी मागचं प्रकरण लोकांच्या हातात. मोठ्या प्रकाशकांकडे गेला, तर एकामागून एक नकाराची पत्रं आली. मग १९८५ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तकांच्या पुरवणीत या अपुऱ्या कामावरच लेख आला. अपुऱ्या कामावर! तेव्हा कुठं १९८६ ला पहिला भाग पुस्तक म्हणून निघाला. दुसरा १९९१ ला. १९९२ ला पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्याआधी कुठल्याच कॉमिक पुस्तकाला ते मिळालं नव्हतं. तो फेअर होईपर्यंत थांबला असता तर काय झालं असतं? नकाराची पत्रं तेवढी उरली असती.

आणि सामान कसलं वापरलं बघा. टायपिंगचा साधा कागद, शाईचं पेन, चूक झाली तर टायपिस्ट बाया लावायच्या ती पांढरी शाई. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातला माल. आणि पान छापायचं त्याच मापात काढायचं. बाकीचे कॉमिकवाले मोठं काढतात आणि छापताना लहान करतात, म्हणजे रेघेचा थरथराट झाकतो. यानं झाकला नाही. हाताचं अक्षर वाटावं असं त्याला चित्र हवं होतं. आपला पोरगा वहीच्या आखीव पानावर काढतो आणि त्याची त्याला लाज वाटते. लाज कसली? रेघा मोजून बघा, त्या आजीच्या आहेत की वहीच्या, ते कुणालाही कळतं.

पुढं १९९१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या मोठ्या संग्रहालयात ‘माउस’ची पानं मांडली, तेव्हा पक्क्या पानांबरोबर कच्चंही भिंतीवर गेलं. २०११ साली त्यानं ‘मेटामाउस’ नावाचं आख्खं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात काय आहे? कच्ची रेखाटनं, फसलेले आराखडे, घरातले फोटो, त्या प्रकाशकांची नकाराची पत्रं, आणि सोबतच्या डिस्कवर बापाचा आवाज. म्हणजे सगळी फाईल उघडून टेबलावर ठेवली. घ्या, तपासा.

हे का करायचं ते मी माझ्या कामावरून सांगतो. धक्क्यावर पोती उतरतात तेव्हा टॅली क्लार्क रजिस्टरात लिहितो. पण टोळीतला एक जण शेडच्या भिंतीवर खडूनं रेघा मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. एकदा ठेकेदाराच्या फेअर रजिस्टरात बारा पोती कमी भरली. म्हणाले, टोळीनं चोरली, हजेरीतून कापू. आमच्या म्हाताऱ्या मुकादमानं त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. रेघा मोजून दाखवल्या. मधे एक रेघ खोडून पुन्हा मारलेली होती, ती का खोडली ते पण सांगितलं. त्या खोडलेल्या रेघेमुळंच त्यांना खरं मानावं लागलं. खोटा हिशेब करणारा माणूस स्वच्छ लिहितो.

मित्रांनो, कच्चं चित्र म्हणजे ती भिंत. आपल्या माणसानं एखादी गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न येतो, हे खरं कशावरून? जास्त भडक तर नाही केलं? तेव्हा आपल्यापाशी भिंत पाहिजे. आधी हे काढलं, मग आजी म्हणाली असं नव्हतं, मग ते खोडलं, मग हे काढलं. असा हिशेब.

स्पीगलमननं तर हा हिशेब पुस्तकाच्या आतच ठेवला. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तो स्वतःच झाडाखाली वही घेऊन बसलाय आणि बायकोला कुठलं जनावर करायचं याचे कच्चे नमुने काढतोय. बायको मूळची फ्रेंच. मग बेडूक करू? ससा करू? ती म्हणते, मी ज्यू झालेय ना, मला उंदीरच करायला पाहिजे. हे वाचून मी गोदीच्या कँटीनमध्ये एकटाच हसलो. धर्मांतर केलेल्या बाईची जात कुठली, याचा वाद! १९५६ नंतर आपल्या किती घरांच्या दाखल्यांवर हाच वाद झाला. आणि तो चित्रकार उत्तर आधी ठरवून पुढं नाही गेला. वादच चित्रात ठेवला. कुणी म्हणेल, प्रत्येक समाजाला वेगळं जनावर करणं ही तर वर्णव्यवस्थाच झाली. मलाही आधी तसंच वाटलं. पण नीट बघा. बाप जीव वाचवायला पोलिश बनून फिरतो तेव्हा उंदराच्या तोंडावर डुकराचा मुखवटा आहे, आणि मागची दोरी चित्रात दिसते. आडनाव बदलून भाड्याची खोली मिळवणाऱ्याला ती दोरी कुठं बांधतात ते सांगायला नको. पुढं चित्रकारानं स्वतःलाही माणूस काढलंय आणि तोंडावर उंदराचा मुखवटा. त्याचीही दोरी दिसते. जनावर जन्मानं नाही, बांधलेलं आहे. दोरी झाकली असती तर पुस्तक खोटं झालं असतं.

अजून एक जागा सांगतो. ऑश्विट्झमध्ये कैदी कामावर निघाले की दाराशी बँड वाजवत, असं कागदोपत्री नोंदलेलं आहे. पोरानं ते वाचलेलं. बाप म्हणतो, मला नाही आठवत, मी फक्त चालत होतो. आता कुणाचं खरं काढायचं? यानं आधी एका चौकटीत बँड काढला. पुढच्या चौकटीत चालणाऱ्या कैद्यांची रांग अशी काढली की तिच्यामागं बँड झाकला जातो, वाद्यांची टोकं तेवढी वर दिसतात. कागदही राहिला, बापही राहिला.

आणि कामाची चित्रं! छावणीत बाप पत्र्याच्या कारखान्यात राबला, मग जोडे दुरुस्त करायला लागला. एका जर्मन अधिकाऱ्याचा बूट उसवला होता. याला ते काम नीट जमत नव्हतं. यानं तो गुपचूप खऱ्या चांभाराकडे नेला, एका दिवसाचा पाव देऊन करून घेतला आणि शेजारी उभं राहून शिकून घेतला. सबंध दिवस उपाशी राहून विकत घेतलेलं शिक्षण! पुस्तकात त्या जोड्याचं चित्र आहे, तळ कसा, टाका कसा, सगळं दाखवलेलं. चित्रकाराला यंत्रं काढायचा कंटाळा, तसं तो पुस्तकातच कबूल करतो. तरी त्यानं पत्र्याचा कारखाना काढला, कारण बापाचा जीव हातातल्या कसबावर वाचला होता. आपल्या कवितेत घाम फार येतो, पण घाम कुठल्या अवजारानं आला ते येत नाही. मी माझ्या कवितेबद्दलही बोलतोय.

आपल्याकडंही असं काम झालंय. २०११ सालीच दिल्लीहून ‘भीमायन’ निघालं. बाबासाहेबांच्या अनुभवांचं कॉमिक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड चित्रकार. त्यांनी माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला. घराच्या भिंतीवर काढतात ती डिगना नक्षी पानं विभागायला वापरली. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पाखरासारखा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि हे सगळं कसं घडलं ते पुस्तकाच्या शेवटी सांगितलेलं आहे. तेव्हा पोरा, तुझ्या चौकटी वाकड्या झाल्यात म्हणून झोप घालवू नकोस.

आता जी गोष्ट मला जड जाते ती सांगतो. ती नाही सांगितली तर वरचं सगळं शहाणपण फुकट.

‘माउस’च्या पहिल्याच प्रकरणात बाप आपल्या लग्नाआधीच्या एका बाईची गोष्ट पोराला सांगतो. सांगून झाल्यावर म्हणतो, हे खाजगी आहे, पुस्तकात घालू नको. पोरगा वचन देतो. आणि आपण ते पुस्तकातच वाचतो! गोष्टही छापली, वचनही छापलं, म्हणजे वचन मोडलेलंही छापलं. आणि बाप काय धुतल्या तांदळाचा होता काय? आईनं १९६८ साली आत्महत्या केली. तिनं लिहून ठेवलेल्या वह्या होत्या. त्या बापानं जाळून टाकल्या. पोराला ते कळतं तेव्हा तो बापाला खुनी म्हणतो. तो शब्दही त्यानं ठेवलाय. आईची बाजू मग कायमची गेली. त्यानं ती कल्पनेनं भरून काढली नाही.

माझा बाप पण गोदीतच होता. माझ्या जन्माआधी त्याच्या टोळीवर माल कोसळला आणि त्याचा जोडीदार खाली गेला. त्या दिवशी बापानं काय केलं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, रात्रपाळीवरून आल्यावर, दिवा न लावता. म्हणाला, हे कुठं लिहू नको. मी लिहिलं. कविता केली, आणि मेळाव्यात माईकवर वाचली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या कुणीतरी बापाला सांगितलं, तुझ्या पोरानं तुझ्यावर काय जबरदस्त कविता केली! म्हातारा माझ्याशी पाच महिने बोलला नाही. ताटात भाकरी वाढायचा, बोलायचा नाही.

तेव्हा मी माझी समजूत घालत होतो. सत्य मांडायचं असतं, साहित्यात बापलेक काही नसतं. च्यायला, सत्य! मी त्याला पक्की कविता तोंडावर फेकून मारली होती. कच्ची असताना एकदा दाखवली असती तर?

‘माउस’ वाचून झाल्यावर मी ती जुनी वही काढली. छापील कागद नाही, वही. खोडाखोड, चहाचे डाग, सगळं. बापापुढं ठेवली. त्याला वाचता फार येत नाही, मीच वाचून दाखवलं, खोडलेलं सुद्धा. पहिल्या कडव्यात मी दोर तुटला असं लिहिलं होतं. तो एकदम म्हणाला, “दोर नव्हता. साखळी होती. दोर असता तर आवाज आला असता आधी.” पाच महिन्यांत त्याचा माझ्याशी पहिला शब्द हा. मी तिथंच दोर खोडून साखळी केलं. मग ती जागा आली. तो म्हणाला, “हे काढ.” मी काढलं. ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं, ते आता परत घेता येत नाही. पण या अंकाच्या वहीत ती कविता येईल तेव्हा मधल्या चार ओळी कोऱ्या असतील. कोऱ्या का, असं विचाराल तर सांगेन, बापानं काढायला लावल्या. जास्त सांगणार नाही.

स्पीगलमननं चूक केली असं मी म्हणत नाही. त्याचा बाप मोठा गुंतागुंतीचा, आणि बाप मेल्यावर त्याला कुणाला विचारायची सोय नव्हती. पण माझा जिवंत आहे. ज्याची गोष्ट आहे तो जिवंत असेल तर पहिला प्रेक्षक तोच. संपादक नाही, समीक्षक नाही, टाळ्या वाजवणारे आपण पण नाही.

आणि फेअर केल्यावर ते आपल्याला मानतील ही आशा सोडा. ‘माउस’ला पुलित्झर मिळून तीस वर्षं झाली, आणि २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या एका जिल्ह्याच्या शाळा मंडळानं दहा विरुद्ध शून्य मतांनी ते आठवीच्या अभ्यासातून काढलं. कारण काय, तर काही शिव्या आणि एक उघडं चित्र. साठ लाख मेले ते चालतं, शिवी चालत नाही. तेव्हा त्यांच्यासाठी पक्कं करत बसू नका. कामासाठी करा.

आता परत या एकवीस पानांकडे. काल संध्याकाळी पोरानं आजीला इथं आणलं होतं, कुणी नसताना. तिनं सगळी पानं बघितली. सात बोटं बघून हसली. नवव्या पानापाशी थांबली. त्यात ती रुळांवरचा कोळसा वेचून डोक्यावर पाटी घेऊन निघालीय. तिनं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “डोक्यावर नाय रे. कमरेला. डोक्यावर घेतली की पोलिसाला लांबून दिसायची.”

ते बोट जिथं टेकलं तिथं डाग पडलाय. पोरगा नवा कागद घ्यायला निघाला होता. मी म्हणालो, राहू दे. बघा जाऊन. नववं पान, डावीकडून तिसरी दोरी. आणि तुमच्या घरात कुणी रुळांवर कोळसा वेचला असेल, तर त्यांनाही घेऊन या. पेन्सिल खाली टांगलेली आहे.

जयभीम.